नियम एक, मापे दोन

पंचाच्या हातून चूक होणे निराळे आणि त्याच्या हाती दोन मापे असणे निराळे. पहिली गोष्ट मनुष्यस्वभावास धरून आहे. दुसरी न्यायाच्या मुळावर येते. स्पर्धांतील तंटे पाहता हा भेद आपण विसरत चाललो आहोत, असे आम्हांस वाटते.

धाराशिवकरांच्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिव येथे भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे विजयी झाले. पुढे 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ यांच्याशी झालेल्या कुस्तीचा निकाल त्यांस मान्य झाला नाही. त्यांनी पंचांस लाथ मारली व त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कोणताही विचारी मनुष्य करणार नाही. त्या निकालाचा खरेखोटेपणा ठरविणे हाही आमचा उद्देश नव्हे.

परंतु शिक्षेने मूळ प्रश्न सुटत नाही. दोन्ही खांदे गादीस टेकले म्हणजे मल्ल चीत झाला, हा नियम तालमीतल्या पोरासही पाठ असतो. मात्र ते खरोखर टेकले की नाही, हे क्षणार्धात ओळखणे पंचाच्या नजरेवरच सोपविलेले आहे. विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांच्या स्पर्धांतही हेच दिसते. एका यंत्राने दुसऱ्यास किती सेकंद कोंडून धरावे हे नियमपुस्तकात छापलेले असते. कोंडणे केव्हा आरंभले, हे पंचच ठरवितो.

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळात थोडी सवलत दिली तर काय बिघडले? आमचे उत्तर असे की, एकास दिलेली सवलत दुसऱ्याच्या पदरातून काढलेली असते. आणि तो दुसरा पुष्कळदा समोर नसतो, पलीकडच्या मैदानावर नियम निमूटपणे पाळीत असतो. त्याची तक्रार कोणाच्या कानी जात नाही. दया दाखविणाऱ्या पंचास पुण्य जोडल्यासारखे वाटते. किंमत मात्र भलताच भरतो. याहून मोठी हानी ही की, नियम माणूस पाहून वाकवावयाचा असतो, हा धडा कोवळ्या मनावर ठसतो.

म्हणून पंच कडक असावा की सौम्य, हा वाद गौण होय. पंचांनी स्पर्धेपूर्वी एकत्र बसून माप ठरवावे, ते सर्वांस सांगावे, आणि दाद मागण्याची वाट मोकळी ठेवावी. एवढे झाल्यावरही हरलेल्या मुलास रडू येईल. पण आपल्याला निराळे माप लावले, असे म्हणण्यास त्यास जागा उरणार नाही.