ईयोबाला देवाने काय सांगितले?

एखाद्या घरचा कर्ता मुलगा जातो. गावची माणसे भेटीला येतात, ओसरीवर टेकतात. मग त्यांतला एखादा शहाणा हळूच बोलतो, "असायचे काहीतरी मागचे! देव उगीच कशाला नेईल?" आत बसलेल्या आईच्या काळजात ते शब्द सुरीसारखे जातात. अशा बोलण्याचा निवाडा करणारी एक कथा बायबलात आहे.

बायबलाच्या जुन्या करारात ईयोबाचा ग्रंथ आहे. अध्याय ४२, भाषा मूळची हिब्रू. ऊस नावाच्या देशी हा ईयोब राहात असे. ७ मुलगे, ३ मुली, ७,००० मेंढरे, ३,००० उंट. आणि माणूस असा की ग्रंथ आरंभीच त्याला निर्दोष म्हणतो. सैतान देवापुढे शंका काढतो की, याची भक्ती काही मिळते म्हणून तर नाही? दिलेले काढून घेतले तर टिकेल काय? देव परीक्षेला मोकळीक देतो. एका दिवसात गुरेढोरे गेली, चाकर मेले, घर कोसळून दहाही लेकरे गेली. पुढे अंगभर फोड उठले, आणि राखेत बसून तो खापरीने अंग खाजवीत राहिला. हे कशामुळे, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र दुरून आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढेच त्यांनी चांगले केले! तोंड उघडले मात्र, आणि हिशेब सुरू झाला. देव न्यायी, शिक्षा पाप्यालाच होते, ती तुला झाली, तेव्हा तू पापी. आपले 'पेरावे तसे उगवते' तेच हे. बिल्ददाने तर मेलेल्या मुलांनीच पाप केले असेल, असेही सुचविले.

ईयोब मानीना. तो रडला, आपल्या जन्मदिवसाला त्याने शाप दिला, देवाशी भांडला. पण न केलेले पाप कबूल केले नाही, आणि देवालाही सोडले नाही.

अखेर वावटळीतून देव बोलला. कारण सांगितले नाही. सैतानाची गोष्टही काढली नाही. पृथ्वीचा पाया घालताना ईयोब कुठे होता, निर्मनुष्य रानात पाऊस कोण पाडतो, कावळ्याच्या पिलांना कोण चारतो, असे उलट विचारले. म्हणजे देवाची सत्ता माणसाच्या पापपुण्याच्या वहीएवढी लहान नाही. ज्याच्याविषयी आजवर नुसते ऐकले, त्याचे दर्शन झाले, ईयोब नमला.

कोणी म्हणेल, हे काय उत्तर झाले हो? दुःखाचे कारण तर कळलेच नाही! खरे आहे. पण पुढचा निकाल पाहा. देवाने ईयोबाला खडसावले, तरी राग भडकला तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. देवाविषयी नीट बोलला तो ईयोब, हे नव्हेत, असे ठरले. आणि ईयोबाने प्रार्थना केली तेव्हा कुठे ते सुटले.

शेवटी मेंढरे १४,००० झाली, उंट ६,०००. पुन्हा ७ मुलगे आणि ३ मुली झाल्या. म्हणून सगळे भरून निघाले, असे समजू नये. उंटाची जागा उंट घेतो; गेलेल्या लेकराची जागा दुसरे लेकरू घेत नाही.

तेव्हा दुःखिताच्या दारी जाल, तर देवाची वकिली करू नका. त्याला वकील लागत नाही. ते मित्र पहिले सात दिवस बसले तसे बसा. तो देवाशी भांडला, तर भांडू द्या. भांडतो आहे, म्हणजे अजून देवाशी बोलतो आहे.