छप्पर काढणारे चौघे



कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाची बाज उचलून आणली. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा त्यांनी घराचे छप्पर काढले. प्रभूने पाहिला तो त्यांचा विश्वास, असे संत मार्क सांगतो. आजारी माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही!

1980 च्या दशकात शहरांतील मुले गर्दच्या आहारी गेली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी देणगी देऊ केली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या हातून 1986 साली येरवड्याला ‘मुक्तांगण’ उभे राहिले. मोजले तर हेही चौघेच.

आपल्याकडे गर्द नाही, दारू आहे. महाराष्ट्रात गावातील स्त्रिया मतदानाने दुकानाची बाटली ‘आडवी’ करू शकतात. जरूर करावी. पण रोजची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. प्रसंगी जीवही जातो. दुकानाला कुलूप लागेल त्या रात्री त्याला कोण सावरणार? म्हणून कनेरगाव नाक्याच्या ग्रामसभेपुढील ठरावात आणखी एक मागणी हवी: अशा माणसाला उपचारांसाठी हिंगोलीला नेण्याची आणि परतल्यावर दर आठवड्याला त्याची विचारपूस करण्याची व्यवस्था.

आज मिस्सानंतर मसुदा लिहायला बसू. ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्या भगिनींनी पुढे बसावे.