थोरले आणि धाकटे

घरात दोन मुले असली की तुलना आलीच. थोरला या वयात काय करीत होता, हे धाकट्याला उठता-बसता ऐकावे लागते. संघांचेही तसेच.

१९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाचे दोन भारतीय संघ घ्या. २०१२ साली उन्मुक्त चंदच्या संघाने टाऊन्सव्हिलच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला तिच्याच भूमीवर हरविले. २०१४ चा संघ दुबईत उपांत्यपूर्व फेरीतच इंग्लंडपुढे पडला. झाला निकाल! पण हरलेल्यांतूनच पुढे संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान भारताकडून खेळले; जिंकलेल्यांतून हनुमा विहारी, संदीप शर्मा असे मोजकेच. माप बदलले आणि पारडे फिरले.

मग हे दुसरे माप तरी खरे कशावरून? जालन्याचा विजय झोल दोन्ही संघांत होता. पहिल्यात साधा खेळाडू, दुसऱ्यात कर्णधार. भार हलका होता तेव्हा चषक मिळाला. सर्वांत जड झाला तेव्हा पराभव. एवढ्यात मुलगा उणा झाला, असे कोण म्हणेल? आणि भारताच्या मुख्य संघात तो पोचला नाही, म्हणून त्याचे कर्णधारपद फुकट गेले काय?

चषकाची नोंद अवश्य ठेवावी. जिंकणे काही लहान गोष्ट नव्हे. परंतु निकाल सामन्याचा लागतो, तो माणसाला लावू नये. मैदानावर ज्यांची गाठ कधी पडलीच नाही, त्यांची झुंज आपण ओट्यावर बसून लावतो. आणि हरल्याचे दुःख मात्र धाकट्याने सोसायचे!