बांधावं की बदलावं?

"साहेब, वडलांनी घेतल्यालं इंजिन हाय. बोअर मारून, पिस्टन-रिंगा टाकून बांधू, का नवंच घेऊ?" भिगवणच्या होडीवाल्याचा हा प्रश्न कर्जाच्या खिडकीवर येतो, पण आहे तो अस्सल वेदान्ताचा. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, उद्या क्रँकही बदलेल. मग वडलांचं उरलं काय? थीसियसच्या जहाजावरून ग्रीकांनी हाच घोळ घातला होता. आमच्या बँकेनं तो केव्हाच मिटवलाय: ब्लॉकवरचा नंबर म्हणजे आत्मा, बाकी सारा देह! घसारा तर त्याहून मायाळू. शिल्लक किमतीतून दरसाल १५ टक्के वजा करत जा, शून्य म्हणून कधी येतच नाही. कागदावर इंजिन अमर.

पाण्यावर मात्र ते खोकतं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला कुणाची तरी पोरं होडीत बसलेली, वारा सुटलेला. तिथं वडलांची आठवण वल्हं मारायला येत नाही. हे मी त्याला स्पष्टच सांगितलं.

पण उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्यात ह्यांची जमीन गेलेली. त्याचा सातबारा म्हणजे हे इंजिन.

शेवटी नव्याचा अर्ज भरला. 'इतर माहिती'च्या रकान्यात त्यानं आपल्या हातानं लिहिलंय : जुनं विकणार नाही.