परक्याचा खोकला

परवा बँकेत माझ्या काउंटरपुढच्या रांगेत कुणीतरी जोरात खोकलं आणि मला बरं वाटलं.

कबूल करायला लाज वाटते. पण जन्म जमा-नावे लिहिण्यात गेलेल्या माणसानं नोंद लपवू नये. त्या एका खोकल्याबरोबर माझ्या मनात अडुळशाचा भाव चढला होता.

याचं मूळ शेतात आहे. धाराशिवहून येडशीला जाताना वडिलांनी मागं ठेवलेलं आमचं दीड एकर रान लागतं. रान म्हणजे सगळा मुरूम, माती औषधापुरतीच. तेव्हा तिथं औषधंच लावावीत, असं मी बी. कॉम.च्या बुद्धीनं ठरवलं. अश्वगंधेला पाणी कमी लागतं, बोरीला त्याहून कमी, आणि असा बेत करणाऱ्याला अक्कल सगळ्यांत कमी.

मृगाचा पाऊस झाला की शतावरी आणि गुळवेलीच्या कांड्या लावायच्या. पाऊस ओसरू लागला की अश्वगंधेचं बी टाकायचं. पाच-सहा महिन्यांनी तिची पानं पिवळी पडली, फळं लाल झाली, की मुळ्या खणायच्या. कार्तिकात आवळा, संक्रांतीला बोरं, उन्हाळ्यात बोरीची छाटणी. शतावरीच्या मुळ्यांना मात्र दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. मुदत ठेवच ती. आधी मोडली तर आपलंच नुकसान.

राहिली शेळी. 2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली आणि तिची भूकही. तिच्या तोंडून एकच झाड सुटतं, ते म्हणजे अडुळसा. म्हणून बांधावर चारी बाजूंनी अडुळसा लावला. जे पान शेळीसुद्धा थुंकते, ते आपण लेकरांना मध घालून पाजतो. माणूस श्रेष्ठ ठरतो तो असा!

बोराचं बरं असतं. बोर खाणारा आनंदानं खातो. त्यासाठी त्याला आजारी पडावं लागत नाही. अडुळसा हौसेनं कोण घेतो? म्हणजे माझं पीक खपायचं तर आधी कुणाची तरी छाती भरायला हवी. माझ्या पिकाला दोन पाऊस लागतात: एक आभाळातला, दुसरा आजाराचा.

2020 साली हा दुसरा पाऊस धो धो पडला. घरोघर काढे उकळू लागले. एक व्यापारी आला नि म्हणाला, "गुळवेल, अडुळसा, असेल तेवढा द्या." तक्षशिलेच्या गुरूनं जीवकाला औषधी नसलेली वनस्पती शोधायला पाठवलं, तेव्हा तो रिकाम्या हातानं परतला, अशी कथा आहे. आमच्या व्यापाऱ्याला पाठवलं असतं, तर तो टेम्पो भरून आला असता. मी चारी बांध कापून दिले. त्या दिवसांत रात्री टीव्हीवर रुग्णांचे आकडे लागले की मी ते बाजारभावासारखे ऐकत असे. हिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

आठवड्यानं शेजारची म्हातारी आली. नातवाला खोकला होता, चार पानं हवी होती. बांधावर नुसते खुंट. मी म्हटलं, "संपला." ती म्हणाली, "असू दे बाबा, फुटंल की पाऊस पडल्यावर." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर आई म्हणाली, "इकायला माझं न्हाई म्हणणं न्हाई. पण दारात आलेल्याला औषध न्हाई म्हणायची पाळी आणू नको."

हे मी बँकेत एका सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अहो, तुम्ही पाला लावता, खोकला थोडाच लावता? डॉक्टरांचं काय, आपलं काय? मार्चमध्ये सोनेतारणाचं टार्गेट पुरं झालं, तेव्हा आपण पेढे वाटलेच की!" वाटले होते खरे. मीही दोन खाल्ले होते. तिजोरीत मंगळसूत्रं किती आली, हे तेव्हा मोजलं नव्हतं.

सहकाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. गरजेच्या वेळी उपयोगी पडून चार पैसे मिळवण्यात पाप नाही. नाहीतर उद्या अडुळसा लावेल कोण? पण गरजेला धावून जाणं वेगळं आणि गरजेची वाट बघत बसणं वेगळं. आग विझवणाऱ्याला पगार मिळतो. म्हणून त्यानं आगीसाठी नवस बोलू नये. आपला फायदा व्हावा आणि लोकांना गरजही पडू नये, असं एकाच वेळी वाटायला हवं. हा ताळेबंद जुळत नाही, हे मला कळतं. न जुळता ठेवायचा तोच एक.

तेव्हापासून रस्त्याकडच्या बांधावरचा अडुळसा मी विकत नाही. मागेल त्यानं न्यावा. त्याचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, ते अजून ठरलेलं नाही.

तर परवाचा तो खोकला. मी शरमून त्या माणसाला विचारलं, "दवाखान्यात दाखवलंत का? अडुळसा हवा असला तर आमच्या बांधावर आहे."

तो डोळे पुशीत म्हणाला, "न्हाई ओ साहेब, तंबाखूचा ठसका लागला."

मला बरं वाटलं. भाव थोडा पडला, एवढंच.