विवाहवस्त्र आणि कारण न सांगणारी आज्ञा

ज्यू धर्मशास्त्रात मेंढीची लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाच्या देठापासून काढलेला धागा, एकाच वस्त्रात आणण्यास मनाई असून ‘शातनेझ’ नावाचा हा निषेध तोराह या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील लेवीय व अनुवाद या भागांत येतो. त्यामुळे वधूचा पोशाख घरी शिवण्यासाठी परदेशातून कापड आणणाऱ्या श्रद्धाळू कुटुंबाला केवळ रंग व पोत पाहून भागत नाही. अस्तर आणि भरतकामाचा दोराही तपासावा लागतो, आणि शंका आल्यास तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, तेव्हा लोकरीवर खवले दिसतात, तर लिननवर बांबूसारखी पेरे. तोराह या निषेधाचे कारण सांगत नाही, म्हणून परंपरेने तो ‘होक’, म्हणजे बुद्धीला उलगडा न होणारी आज्ञा, मानला. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी मात्र त्याचा संबंध मूर्तिपूजक पुरोहितांच्या वेशाशी जोडला. तथापि जेरुसलेमच्या मंदिरातील महायाजकाच्या वस्त्रांत हेच मिश्रण विहित होते, यावरून हे धागे मुळात अपवित्र नाहीत हे स्पष्ट होते. कारण उमगो वा न उमगो, आयुष्यातील सर्वांत हौसेच्या खरेदीतही आपल्या इच्छेला स्वखुशीने मर्यादा घालणे, हेच या आज्ञापालनाचे खरे मूल्य होय.