वृद्ध पित्याच्या हाती शस्त्र द्यावे काय?

अकोल्याच्या जठारपेठेत आमचे जुने घर आहे. अम्मीच्या निधनानंतर तेथे अब्बा एकटेच राहतात. वय ७४. मी नोकरीनिमित्त पुण्यात, धाकटा भाऊ मस्कतला. गेल्या हिवाळ्यात अब्बा बँकेतून निवृत्तिवेतन काढून पायी घरी येत असताना मोटारसायकलवरील दोघांनी त्यांच्या हातातील पिशवी हिसकावली. रक्कम फार नव्हती. पण अब्बा पडले, मनगटाला मार लागला आणि त्याहून अधिक मार मनाला लागला. आठवडाभराने मस्कतहून भावाचा फोन आला, "भाईजान, अब्बांसाठी एक लहान रिव्हॉल्व्हर पाहा. सदऱ्याच्या खिशात मावेल असे. पैसे मी पाठवतो." अब्बा ही सूचना हसण्यावारी नेतील, असे मला वाटले होते. ते म्हणाले, "घे. हातात काही असले म्हणजे माणूस माणसासारखा चालतो."

या वाक्याने मला अडकवले. भावाची सूचना मी टाळू शकलो असतो. पित्याची इच्छा टाळणे ही वेगळी गोष्ट आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने आपल्या उपासनेच्या आज्ञेला लागूनच माता-पित्यांशी सद्‌वर्तनाची आज्ञा दिली आहे आणि ते वार्धक्याला पोहोचल्यावर त्यांच्यासमोर वैतागाचा साधा उद्‌गारही काढण्यास मनाई केली आहे. मग त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी मागितलेली वस्तू मुलाने नाकारावी का?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. उंटाला आधी बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हा प्रेषितांच्या शिकवणुकीचा आशय तिर्मिजीच्या हदीसमधून सर्वांना ठाऊक आहे. सूरह अन-निसाच्या ७१ व्या आयतीत श्रद्धावंतांना सावधगिरी बाळगण्याचा आदेश आहे. मदीनेतील एका रात्री प्रेषित मुहम्मद (स.) यांना कोणीतरी पहारा द्यावा असे वाटले आणि शस्त्रांचा आवाज करीत ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) आले, तेव्हा ते निश्चिंत झोपी गेले, हे बुखारी व मुस्लिम दोघांनीही नोंदवले आहे. हुनैनच्या प्रसंगी ह. उम्मे सुलैम (रजि.) यांनी जवळ खंजीर बाळगला होता. प्रेषितांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी निर्भीडपणे सांगितले की, शत्रू जवळ आला तर त्याचे पोट फाडीन. त्यावर प्रेषित (स.) हसले. आपली मालमत्ता राखताना जो मारला गेला तो शहीद, हेही प्रेषितवचन आहे. तेव्हा शस्त्र बाळगणे हेच मुळात ईमानाच्या विरुद्ध आहे, असे म्हणून मला सुटका करून घेता येत नव्हती.

म्हणून मी खरोखरच चौकशीला लागलो. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम वाचले, परवाना असलेल्या एका परिचितांकडे जाऊन बसलो. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. ऐंशीच्या दशकापासून परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांसाठी जवळजवळ बंदच असल्याने निवड मुख्यतः देशी बनावटीतूनच. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे बत्तीस बोअरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास. ते प्रामुख्याने स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले गेले. पुढे बावीस बोअरचे 'निडर' आले, त्याचे वजन अडीचशे ग्रॅम.

माझे परिचित अनुभवी गृहस्थ. त्यांनी मला एक गोष्ट समजावली, जी भावाला फोनवरून समजणे शक्य नव्हते. शस्त्र जितके लहान व हलके, तितके ते चालवणे अवघड. त्याच काडतुसाचा झटका हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये मनगटाला अधिक जाणवतो. नळी आखूड असल्याने नेम चुकतो. घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा तर बोटात चांगलीच ताकद लागते. "खिशात मावणारे शस्त्र सराव असलेल्या तरुणासाठी असते," ते म्हणाले. मला अब्बांची बोटे आठवली. सकाळी सदऱ्याची बटणे लावायला त्यांना वेळ लागतो. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, दुसऱ्याचे राहिले आहे. मनगटाचे तर सांगितलेच.

नियमांत आणखी एक तरतूद दिसली आणि मी तेथे बराच वेळ थांबलो. २०१६ च्या नियमांतील २५ व्या नियमानुसार परवानाधारक सत्तरीला पोहोचला की त्याने सुचविलेल्या वारसाला परवाना देता येतो. कायद्याने सत्तरीनंतर शस्त्र काढून घेतलेले नाही. पण शस्त्राचा भार पुढच्या पिढीने उचलण्याचे वय कोणते, याची जणू खूण त्याने करून ठेवली आहे. आणि आम्ही मुले नेमके उलट करायला निघालो होतो: चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो भार प्रथमच पित्याच्या खिशात ठेवायला.

शस्त्राविषयीच्या प्रेषितवचनांकडे मी त्यानंतर पुन्हा वळलो, तेव्हा ती मला निराळी दिसू लागली. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला ओरखडा उठू नये. नंगी तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, कारण सैतान केव्हा हात हलवील याचा भरवसा नाही. ह्या सर्व सूचना शत्रूविषयी नाहीत. त्या शस्त्र धरणाऱ्याच्या हाताविषयी आहेत, त्याच्या चुकीविषयी, थरथरीविषयी, आसपासच्या निरपराधांविषयी. ईदला आमच्या घरी सात नातवंडे जमतात आणि अम्मीच्या कपाटातील प्रत्येक खण उघडून पाहतात.

पण ज्या हदीसने माझा विचार खऱ्या अर्थाने वळवला ती नसाईच्या संग्रहातील आहे. एका माणसाने प्रेषितांना विचारले की, कोणी माझी मालमत्ता हिसकावायला आला तर काय करावे? उत्तराचा क्रम असा: आधी त्याला अल्लाहची आठवण करून दे. ऐकले नाही तर तुझ्या भोवतीच्या मुस्लिमांची मदत घे. तेही नसतील तर सत्ताधाऱ्याची मदत घे. सत्ताधारी दूर असेल तर मग लढ. धर्मशास्त्रज्ञांनी हल्लेखोराला परतवण्याच्या प्रकरणात हेच सूत्र मांडले आहे की, सर्वांत हलका उपाय आधी, तो पुरेसा नसेल तरच पुढचा. योगायोगाने आपला फौजदारी कायदाही येथे फार वेगळे सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३७ व्या कलमानुसार (जुन्या दंड संहितेत हेच ९९ वे कलम होते) सरकारी यंत्रणेचे संरक्षण मिळवण्यास वेळ असेल तर खासगी संरक्षणाचा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. अब्बांची पिशवी घेऊन पाठमोरे पळणारे ते दोघे. समजा त्या दिवशी अब्बांच्या खिशात रिव्हॉल्व्हर असते आणि ते बाहेर काढता आले असते. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे कोणत्या कायद्यात बसले असते? एका निरपराधाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या, असे कुरआन सांगतो. आणि जठारपेठेच्या भर वस्तीत चुकलेली गोळी कोणाला लागली असती, हे कोण सांगणार?

त्या हदीसमधील दुसरी पायरी मला बोचते. भोवतीच्या माणसांची मदत. अब्बांच्या भोवती कोण आहे? मुले नाहीत. वऱ्हाडातील किती घरांत आज हेच चित्र आहे, ते वाचकांना सांगायला नको. आम्ही पैसे पाठवतो, औषधे घरपोच मागवतो, दारावर कॅमेरा बसवतो आणि आता शस्त्र. प्रत्येक वस्तू आमच्या जागी पाठवलेली. सूरह अल-कसस मध्ये मदयनच्या विहिरीवरील दोन बहिणींचा उल्लेख आहे. ह. मूसा (अलै.) यांनी त्यांना विचारले तेव्हा, आमचे वडील फार वृद्ध आहेत, एवढेच कारण त्यांनी दिले. मेंढपाळांची गर्दी त्यांनाही जड जात होती, तरी वृद्ध पित्याच्या हाती मजबूत काठी देऊन त्यांनी त्याला गर्दीत धाडले नाही. विहिरीवर त्या स्वतः गेल्या.

मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली, एकाचा जीव गेला, शहरात जमावबंदी लागली. त्या रात्री मी पुण्यातून अब्बांना सतत फोन लावत होतो आणि ते उचलत नव्हते. शेवटी उचलला, तो शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. अब्बांना जाग आहे का, काही हवे का, हे पाहायला ते मागच्या दाराने आले होते. दार वाजल्यावर अब्बा घाबरून बराच वेळ आतल्या खोलीत निश्चल बसून राहिले, हे त्यांनी मला नंतर सांगितले. सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत नात्यातल्या शेजाऱ्याबरोबरच नात्याबाहेरच्या शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे. आमचे पोस्टमास्तर त्या दुसऱ्या प्रकारातले. आता कल्पना करा: भीतीने गोठलेला एक वृद्ध माणूस, अंधुक नजर, हातात भरलेले रिव्हॉल्व्हर आणि मध्यरात्री मागच्या दारावर थाप. भाऊ म्हणतो, मी टोकाची कल्पना करतो. कदाचित करीत असेन. पण रिव्हॉल्व्हरची गरजही अशाच रात्रीच्या कल्पनेतून निघालेली आहे. मग त्या कल्पनेत दारामागे नेहमी शत्रूच का असावा?

आणखी एक गोष्ट आहे. ती मी भावाला सांगितलेली नाही, येथे लिहितो. अम्मी गेल्यानंतर दोन-तीनदा अब्बा बोलता बोलता म्हणाले की, आता पुष्कळ जगलो. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि त्यांत एकाकी वृद्ध पुरुषांचे प्रमाण मोठे आहे. अब्बा पाच वेळचे नमाजी आहेत, आत्महत्या हराम आहे हे त्यांनीच मला शिकवले. पण मनुष्य दुर्बल निर्माण केला गेला आहे, हेही कुरआनचेच सांगणे आहे. कोऱ्या रात्री उशाशी काय असावे, याचा विचार मुलाने करायचा नाही तर कोणी?

तरीही, माझी बाजू पूर्णपणे निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. अब्बा रिव्हॉल्व्हर मागत नव्हते, ते आपली गेलेली प्रतिष्ठा मागत होते. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलून लोकांनी 'बाबा, जपून' म्हणणे त्यांना त्या पिशवीहून महाग पडले होते. अशा माणसाला 'तुमचे हात थरथरतात' हे कसे सांगावे? ह. इब्राहीम (अलै.) यांचा पित्याशी झालेला संवाद सूरह मरयममध्ये आहे. मतभेद टोकाचा होता, तरी प्रत्येक वाक्य त्यांनी 'हे माझ्या प्रिय पित्या' अशा संबोधनाने सुरू केले. मी एवढे संयमी बोललो नाही. मी आधी फोनवर कायदा सांगितला, किंमत सांगितली, निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते हेही सांगितले. खरे कारण सोडून सगळे सांगितले. अब्बा शिक्षक होते. विद्यार्थी केव्हा सबबी सांगतो ते त्यांना कळते.

तूर्त एवढे झाले आहे. निवृत्तिवेतनाच्या दिवशी पोस्टमास्तर आणि अब्बा बरोबर बँकेत जातात, येताना चौकात चहा घेतात. फजरच्या नमाजला मशिदीत जाताना आमच्या गल्लीतला एक तरुण त्यांच्या सोबत असतो. त्याला मी विनंती केली आहे हे अब्बांना ठाऊक नाही, असे आम्ही दोघे समजतो. मी अकोल्याला किंवा निदान अमरावतीला बदली मागितली आहे, उत्तर आलेले नाही. परवान्याचा कोरा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. भाऊ अजूनही रागावलेला आहे आणि त्याच्या रागात प्रेमच आहे, हे मी जाणतो.

गेल्या जुम्याला अब्बांनी विचारले, "त्या अर्जाचे काय झाले?" मी म्हणालो, "अब्बा, मी येतोच आहे. समोर बसून बोलू." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "किती दिवसांसाठी?"